वद्यातला उजेड

चिकित्सक : काका, शुद्धातली दशमी चांगली आणि वद्यातली दशमी डावी, हे ठरवलं कुणी? वास्तुशांत असो, नवी गाडी घरी आणायची असो, नाहीतर मुलगी बघायला पाहुणे यायचे असोत, घरातलं वडीलधारं माणूस हमखास म्हणतं, ‘सध्या वद्य चालू आहे, जरा दम धरा.’ कशासाठी दम धरायचा? चंद्राचा अर्धा भाग कायम उजळलेलाच असतो. त्यातला किती आपल्याला दिसतो, एवढंच रोज बदलतं. पौर्णिमेनंतर तो झिजत नाही, आजारी पडत नाही. तिथी म्हणजे काय हे तुम्हीच मला शिकवलंत. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. अशा तीस तिथी झाल्या की महिना पुरा. कोन 180 अंशांचा झाला की पौर्णिमा संपते आणि तिथून 360 पर्यंत वद्य पक्ष. भूमितीच्या वहीत 170 अंशांचा कोन शुभ आणि 190 चा अशुभ असं कुणी शिकवत नाही. मग आकाशातल्या कोनाला हा गुण कुठून चिकटला?

पंचांगप्रेमी : कोनाची गोष्ट तू बरोबर मांडलीस, आणि कुठलाही पंचांगकर्ता ती लपवत नाही. पण ‘वद्य म्हणजे वाईट’ हे वाक्य तू शास्त्राच्या तोंडी घालतेस, तिथे मी तुला अडवतो. मुहूर्तशास्त्रात पक्षाचे पाच-पाच तिथींचे तीन भाग करतात. शुद्धात पहिल्या पाच तिथी कमी प्रतीच्या, मधल्या पाच मध्यम, शेवटच्या पाच उत्तम. वद्यात ह्याच्या उलट, पहिल्या पाच उत्तम, मधल्या मध्यम, शेवटच्या पाच टाळायच्या. म्हणजे वद्य तृतीया ही शुद्ध तृतीयेपेक्षा वरचढ ठरली. तुझी वद्य दशमीसुद्धा मध्यमातच बसते. पत्रिकेतलं चंद्राचं पक्षबल घे. ते काढताना चंद्र सूर्यापासून किती अंश लांब आहे ते बघतात आणि त्याला तीनने भागतात. पौर्णिमेला पुरे साठ, अमावास्येला शून्य. शुद्ध अष्टमीच्या मध्याला तीस आणि वद्य अष्टमीच्या मध्यालाही तीसच. चंद्र चढतोय की उतरतोय, हे त्या गणितात कुठेच नाही. शिवाय मुहूर्तकार सांगतात, शुद्धात चंद्रबल पाहा आणि वद्यात ताराबल पाहा. चंद्र उतरणीला लागला म्हणून दार लावून घेतलं नाही, कसोटी तेवढी बदलली. पंचांगातले लग्नाचे मुहूर्त उघडून बघ, वद्यातल्या कितीतरी तारखा सापडतील. पंधराही दिवस बंद, ही समजूत कट्ट्यावरच्या गप्पांतून आली.

चिकित्सक : कट्ट्यावरची समजूतच तर माणसांच्या पोटावर येते, काका. लासलगावच्या बाजार समितीत अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची पद्धत कित्येक दशकं चालली. अलीकडे मोडली, चांगलं झालं. पण तोवर त्या दिवसाची आवक पुढे ढकलली जायची, दुसऱ्या दिवशी गर्दी व्हायची आणि भाव पडला तर तो शेतकऱ्याच्या अंगावर पडायचा. तो शेतकरी पक्षबलाचं गणित वाचून घरी बसला नव्हता. भाद्रपद वद्यात सराफाच्या दुकानात शुकशुकाट, घरांची बुकिंगं थंड. दा. कृ. सोमणांसारखे पंचांगकर्ते वर्षानुवर्षं सांगत आले की पितृपक्ष अशुभ नसतो. ऐकलं किती जणांनी?

आता सोलापूरचंच बोलते. आपल्या गावाची सगळ्यात मोठी यात्रा सिद्धेश्वराची गड्ड्याची. नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्याजवळ अक्षता पडतात, देवाचं लग्न लागतं. ते संक्रांतीशी बांधलेलं, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने. चंद्राला कुणी विचारत नाही. 2026 ची ही यात्रा पौष वद्यात आली. महिना पौष, ज्यात आपल्याकडे बहुतेक घरं लग्न धरत नाहीत. पक्ष वद्य. तरी लाखभर माणसं बाराबंदी घालून, फेटे बांधून त्या लग्नाला उभी राहिली आणि एकाच्याही मनात पाल चुकचुकली नाही. गावाच्या देवाला जे चालतं ते गावातल्या मुलीला का चालू नये?

पंचांगप्रेमी : गड्ड्याचं उदाहरण तू काढलंस ह्याचा मला आनंदच आहे. आपली परंपरा एकाच घड्याळावर चालत नाही, हे त्यातून दिसतं. संक्रांत सूर्याची, एकादशी चंद्राची, आणि गुरुवारचा उपास वाराचा. कुठल्या कार्याला कुठलं घड्याळ लावायचं, हा निवाडा आहे. सूर्याच्या कार्यात तिथी मधे आणली नाही म्हणून तिथी खोटी होत नाही.

पण त्याच्या आधी मला उजेडाचं बोलू दे. माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच आहे. लोक म्हणतात शुद्ध पक्ष उजेडाचा आणि वद्य अंधाराचा. रात्रभराच्या उजेडाची बेरीज केलीस तर दोन्ही पंधरवडे जवळपास सारखे भरतात. फरक वेळेचा आहे. शुद्धात चंद्र संध्याकाळी आधीच वर असतो आणि मग मावळतो. वद्यात तो रोज सुमारे पाऊण-एक तास उशिरा उगवतो आणि पहाटेपर्यंत थांबतो. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला वर येतो. गावाकडे शेतीपंपाची वीज आठवडाभर रात्रीची असते तेव्हा उसाला दारं धरायला जाणाऱ्याला विचार. वद्य नवमीला दहा वाजता तो बॅटरी घेऊन बांधाबांधाने चाचपडत जातो, पायाखाली काय आहे दिसत नाही. दोन वाजता दारं मोडायला उठतो तेव्हा पाटातलं पाणी चांदण्यात लकाकत असतं, कुठल्या सरीला फुटलं ते बॅटरीशिवाय कळतं. त्याच्या लेखी वद्य उजेडाचाच. ज्यांचे समारंभ, जेवणावळी, वराती संध्याकाळी व्हायच्या, त्यांनी शुद्धाला उजेडाचा पक्ष म्हटलं. जे मध्यरात्रीनंतर राबतात त्यांचं मत कुणी नोंदवलं नाही.

चिकित्सक : हे तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. वरातीच्या सोयीतून पसंती आली असेल, तर रस्त्यावर दिवे लागले त्या दिवशी तिचं काम संपलं. आता वरातीला जनरेटर असतो, एलईडीच्या माळा असतात. नवी पेठेतून चालताना चंद्र वर आहे की नाही हे किती जणांना ठाऊक असतं? सोय गेली आणि भीती मात्र राहिली. ती भीती जपण्याचं कारण काय?

पंचांगप्रेमी : भीतीच राहिली असती तर संकष्टी राहिली नसती. महाराष्ट्रात घरोघर सगळ्यात जास्त पाळला जाणारा मासिक उपास कुठला? वद्य चतुर्थीचा. आणि तो सुटतो कशावर? उतरत्या चंद्राच्या दर्शनावर. उलट भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, ऐन गणपतीच्या दिवशी, चंद्र बघू नये म्हणून आजही आया मुलांना आत बोलावतात. तेच दैवत, तीच चतुर्थी. चढत्या चंद्राकडे पाठ आणि उतरत्या चंद्राला अर्घ्य. वद्याला वाळीत टाकणाऱ्या समाजाने हे केलं असतं का?

आमच्या चाळीतल्या गच्चीवर संकष्टीला जे चालतं ते तू बघायला हवंस. मोदकाचं ताट झाकून ठेवलेलं, निरांजन वाऱ्याने विझू नये म्हणून पदराचा आडोसा, आणि बायका पूर्वेकडच्या पाण्याच्या टाकीमागे डोळे लावून उभ्या. एकीच्या मोबाइलवर वेळ मुंबईची लागलेली. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला तीन अंश, त्यामुळे चंद्र इथे दहा-बारा मिनिटं आधी उगवतो. ती म्हणते अजून वेळ आहे, आणि दुसरी टाकीच्या कडेला आलेला तांबूस तुकडा दाखवते. मोबाइल बाजूला राहतो, सगळ्या हात जोडतात. तुझे रस्त्यावरचे दिवे लागून इतकी वर्षं झाली तरी गावातल्या माणसाने मान वर करून चंद्र शोधायचा दिवस वद्यातच उरलाय. ह्याला मी सोय म्हणत नाही आणि भीतीही म्हणत नाही.

चिकित्सक : ह्या गच्चीला माझी काही हरकत नाही. तिथे चंद्र दिसला की उपास सुटतो, कुणी कुणाला घाबरवत नाही. पण अशा गोष्टींच्या आधाराने तुम्ही सगळं पंचांग पदरात घ्यायला लावता. नियमांत एकवाक्यता तरी कुठे आहे? 2024 ची दिवाळी आठवा. आश्विनातली अमावास्या 31 ऑक्टोबरला दुपारी लागली आणि 1 नोव्हेंबरला संध्याकाळी संपली. उत्तरेत बहुतेकांनी 31 ला लक्ष्मीपूजन केलं, आपल्याकडे 1 तारखेला. लक्ष्मी दोन दिवस फिरत होती का? त्यातही उत्तरेत तो आश्विन नव्हताच, त्यांचा कार्तिक होता, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. ज्या पंधरवड्याचं नाव विंध्य ओलांडल्यावर बदलतं, त्याच्या फळावर मी विश्वास कसा ठेवू?

पंचांगप्रेमी : नाव बदलतं खरं, पण पक्ष बदलतो का? आपण श्रावण वद्य अष्टमी म्हणतो, मथुरेत भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतात, पण जन्माष्टमीची रात्र एकच असते. महिन्याच्या नावावर दोन मतं झाली, वद्याच्या वद्यपणावर कधीच झाली नाहीत. सगळ्या भारताचं ज्यावर एकमत आहे, अशा थोड्या गोष्टींत ही एक.

लक्ष्मीपूजनाचा वाद गणिताचा नव्हता. अमावास्या किती वाजता लागली आणि किती वाजता संपली ह्यावर दोन्ही बाजू सहमत होत्या. दोन्ही दिवशी प्रदोषकाळाला ती स्पर्श करत असेल तर कुठला दिवस घ्यायचा, एवढाच प्रश्न होता. असे प्रश्न सोडवायला निर्णयग्रंथ लिहिले गेले, आणि त्यातला आजही सगळ्यात जास्त हाताळला जाणारा ‘धर्मसिंधु’ आपल्याच जिल्ह्यात लिहिला गेलाय. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी, म्हणजे बाबा पाध्यांनी, 1790 च्या सुमारास. त्यावर बेतलेलं दाते पंचांग शंभराहून जास्त वर्षं सोलापुरातून निघतं आणि उभ्या महाराष्ट्राच्या भिंतीवर टांगलेलं असतं. ह्या ग्रंथांची रीत बघ. एकाच तिथीला ते निरनिराळ्या वेळी पकडतात. संकष्टीला चंद्रोदयाची चतुर्थी, श्राद्धाला अपराह्णातली तिथी, शिवरात्रीला मध्यरात्रीची चतुर्दशी, लक्ष्मीपूजनाला प्रदोषातली अमावास्या. आधी कार्य कशासाठी आहे ते विचारायचं आणि मग वेळ शोधायची. तुला ही गडबड वाटते. मला त्यात विचार दिसतो. वेळेला एकच सरसकट गुण नसतो, हे त्यांना कळलं होतं.

चिकित्सक : मग तेच तुमच्या शेजाऱ्यांना सांगा की सरसकट गुण नसतो. पण भगवद्गीतेचं काय करणार? आठव्या अध्यायात दोन वाटा सांगितल्यात. उत्तरायणात, शुक्ल पक्षात जो जातो तो परत येत नाही. दक्षिणायनात, कृष्ण पक्षात जातो तो चंद्रलोकापर्यंत पोचून परत येतो. इथे कार्य बघून वेळ निवडलेली नाही, सरळ दोन पक्षांची प्रतवारी लावली आहे. माणूस कधी मरणार हे त्याच्या हातात नसतं. वद्यात गेलेल्याच्या घरच्यांनी हे वाचून काय समजायचं?

पंचांगप्रेमी : ह्या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. त्याचं सगळ्यात मोठं उत्तर मराठी माणसाकडे आहे आणि ते शब्दांत दिलेलं नाही. आठव्या अध्यायातल्या ह्या दोन वाटांवर ज्ञानेश्वरांनी विस्ताराने लिहिलं. त्यांना त्या पुरत्या ठाऊक होत्या. आणि स्वतः समाधी घेताना त्यांनी दिवस कुठला निवडला? कार्तिक वद्य त्रयोदशी, शके 1218. महिना दक्षिणायनातला आणि पक्ष वद्य. अपघाती मरण नव्हतं ते, संजीवन समाधी होती, ठरवून घेतलेली. ज्या वाटेने जाणारा परत येतो असं ग्रंथ सांगतो, नेमकी तीच वेळ. गीताही त्या दोन श्लोकांवर थांबत नाही. लगेच म्हणते की ह्या वाटा जाणणारा योगी गोंधळत नाही, म्हणून सर्वकाळ योगयुक्त राहा. ज्ञानेश्वरांनी तो पुढचा भाग जगून दाखवला असं मी मानतो.

बाकीचे संत मोज. नामदेव पंढरपुरात आषाढ वद्य त्रयोदशीला गेले. आपल्या माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी आषाढ वद्य चतुर्दशीला. तेरचे गोरोबाकाका चैत्र वद्य त्रयोदशीला. तुकोबांची बीज फाल्गुन वद्यातली, एकनाथांची षष्ठी फाल्गुन वद्यातलीच, रामदासांची नवमी माघ वद्यातली. अक्कलकोटच्या स्वामी समर्थांची समाधी चैत्र वद्य त्रयोदशीची, 1878 सालची. चोखोबा मंगळवेढ्यात भिंतीखाली सापडले ती तिथी वैशाख वद्य पंचमी. त्यांनी ती निवडली नव्हती. तरीही नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर समाधी दिली. वाट चुकली म्हणून चोखोबा कमी ठरले असं वारकऱ्याने कधी मानलं का? महिन्याची शुद्ध एकादशी पंढरीची आणि वद्य एकादशी आळंदीची, अशी त्याने दोन पक्षांची वाटणीच करून टाकली.

चिकित्सक : मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण असं एका ओळीत लावून ऐकलं नव्हतं. सावता माळी, चोखोबा, नामदेव, स्वामी समर्थ, चौघेही आपल्या जिल्ह्यातले. मनाला लागतं. मात्र ह्यातून जे सिद्ध होतं ते तुमच्यापेक्षा माझ्या उपयोगाचं आहे. थोर माणसाने तिथीला जुमानलं नाही, आणि लोकांनी त्याच्या थोरवीमुळे ती तिथी पवित्र केली. गुण माणसाचा होता, तिथीचा नव्हता.

आणि संत निवडू शकत होते. नुकतं जन्मलेलं मूल काय निवडणार? वद्य चतुर्दशीला जन्मलेल्या मुलाची शांती करायची असते. शांतिप्रकरणात त्या तिथीचे सहा भाग पाडलेत. पहिल्या भागात जन्म झाला तर चांगलं. दुसऱ्यात वडिलांवर, तिसऱ्यात आईवर, चौथ्यात मामावर संकट, आणि पुढचे भाग कुळावर नि धनावर. अमावास्येच्या जन्माची शांती वेगळी. आमच्या नात्यातली एक मुलगी बाळंत झाली, मुलगी झाली. सातवा दिवस होता. टाके ओले, दूध नीट उतरत नव्हतं. घरात घड्याळ आणि पंचांग घेऊन दोन माणसं हिशोब करत बसली होती की जन्म तिसऱ्या भागातला की चौथ्या. आतल्या खोलीत तिला सगळं ऐकू येत होतं. तिसरा निघाला तर तिच्यावर, चौथा निघाला तर तिच्या भावावर. तिने मला विचारलं, ‘ताई, सिझर अर्ध्या तासाने झालं असतं तर?’ तुमचं तीनने भागलेलं पक्षबल तिथे कुणी काढलं नाही. पुढे ही तान्ही मोठी होईल, पत्रिका निघेल, चंद्र क्षीण लिहिलेला असेल, आणि चंद्र मनाचा कारक म्हणून कुणीतरी म्हणेल, मुलगी मनाने कच्ची दिसते. इथे वद्य आकाशात राहिला नाही, काका. तो एका माणसाच्या अंगावर डाग म्हणून उतरला.

पंचांगप्रेमी : हा प्रसंग मी नाकारत नाही. असे मी पाहिलेत. शांतीच्या बाजूने जे म्हणता येतं ते तरी ऐक. धास्ती ग्रंथाने निर्माण केली असं तू धरून चालतेस. ज्या काळात बाळंतपणात आई आणि मूल दोन्ही सहज जायची, त्या काळात धास्ती आधीच घरात होती. शांतीने तिला सुरुवात दिली आणि शेवटही दिला. होम झाला, दान दिलं, तोंड बघितलं, आता ह्यावर बोलायचं नाही. ‘आता संपलं’ असं म्हणायची सोय त्यात होती. आज दवाखान्यात सगळे अहवाल चांगले आले तरी आईचं मन थाऱ्यावर येत नाही, तेव्हा तिला ‘संपलं’ असं कोण सांगतं?

चिकित्सक : ज्या घरात आधी कुणी घाबरलेलं नव्हतं, तिथेही पंचांग उघडल्यावर घाबरतात. ही बाळंतीण हसत होती हिशोब सुरू होईपर्यंत.

आणि एका गोष्टीचं उत्तर द्या. पंचांग कधी बदललंच नाही असं नाही. गणेश दैवज्ञांच्या 1520 च्या ‘ग्रहलाघवा’वर इथली पंचांगं साडेतीनशे वर्षं चालली. मग ग्रहणं आणि ग्रहांची स्थानं प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनात. केरो लक्ष्मण छत्र्यांनी 1865 पासून युरोपीय कोष्टकांच्या आधारे नवं पंचांग काढलं, ते पटवर्धनी म्हणून ओळखलं गेलं. किती विरोध झाला! पुढे टिळक त्यात पडले, परिषदा भरल्या, रेवती धरायची की चित्रा धरायची ह्यावर वर्षानुवर्षं वाद झडले, आणि शेवटी आपल्याकडे आकाशाशी ताडून बघितलेलं गणितच आलं. मला ह्याचा फार अभिमान वाटतो. आपल्या लोकांनी जुनी कोष्टकं बाजूला ठेवायचं धैर्य दाखवलं. पण फळं? फळांची एकही परिषद भरली नाही. वद्य चतुर्दशीच्या तिसऱ्या भागात जन्मलेल्या किती मुलांच्या आया खरोखर गेल्या, हे कुणी ताडून बघितलं नाही. गणित दुरुस्त झालं आणि त्या शुद्ध केलेल्या वेळांना तीच जुनी फळं जोडली. उलट आता भागांच्या वेळा मिनिटापर्यंत नेमक्या निघतात आणि बाळंतीण जास्त नेमकी सापडते.

पंचांगप्रेमी : ह्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. जन्मशांतीच्या फळांना मी आकाशातून आधार देऊ शकत नाही, हे मान्य करतो. पक्षबल एका अंशाने बदलतं तेव्हा मामाचं काय होतं, हे कुठल्याही सूत्रातून निघत नाही.

पण तू म्हणशील, मग फळं काढा आणि तिथी ठेवा. इथे मला खरी अडचण दिसते. वेळ अमावास्येला अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या शिवारात ये. मार्गशीर्षातली अमावास्या, शाळू निसवलेला, कडब्याची कोप बांधलेली, आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडलेले. मडक्यात आंबील, भज्जी, उंडे, तिळाच्या पोळ्या. ज्याला शेत नाही त्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात. त्या दिवशी गावं रिकामी आणि शिवारं भरलेली. महाराष्ट्रात इतरत्र अमावास्येला प्रवासाला निघत नाहीत, आमच्याकडे अख्खी गावं निघतात. हे पाहून तू म्हणशील, बघा, अमावास्या चांगली. पण त्याच कुटुंबातली म्हातारी संध्याकाळी परतताना नातवाची दृष्ट काढते, कारण अमावास्या आहे. तिच्या मनात दोन्ही एकत्र आहेत. त्या दिवशी काहीतरी वेगळं आहे, हलकं घेऊ नये, ह्या एकाच भावनेतून आंबील शिजते आणि मीठमोहऱ्याही ओवाळल्या जातात. तू एक धागा ओढून काढशील, दुसरा राहील ह्याची खात्री काय?

पितृपक्षाचं तसंच. वर्षातले पंधरा दिवस गेलेल्यांसाठी राखून ठेवलेत. तिथी लक्षात ठेवावी लागते, अविधवा नवमीला सवाष्ण गेलेली आई आठवावी लागते, आणि ज्यांची तिथी कुणालाच ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. गाडी घेऊ नका ह्या समजुतीला मीही चूक म्हणतो. पण ‘हे दिवस आपल्या वाढीचे नाहीत’ असं सगळ्या समाजाने मिळून म्हणणं, ह्याचं मोल मला वाटतं. पितर रागावतील हे भय पूर्ण काढून टाकलंस तर किती घरांत पान वाढलं जाईल?

चिकित्सक : जिथे प्रेम असेल तिथे वाढलं जाईल. जिथे नसेल तिथे भयाने वाढलेलं पान मला नको. बाबांचं मी करते. भाद्रपद वद्य षष्ठी. भटजी मिळाले नाहीत तर त्या दिवशी वाचनालयाला पुस्तकं देते, पण तारीख चुकवत नाही. ते रागावतील म्हणून करत नाही.

पंचांगप्रेमी : तुला तारीख पाठ आहे, कारण तुझ्या आजीने भयानेच का होईना, आपल्या माणसांच्या तारखा पाळल्या आणि तुझ्या आईने ती रीत तिच्याकडून घेतली. तुझ्या मुलांना कुणाकडून मिळेल?

चिकित्सक : नाही मिळणार कदाचित. तो धोका मी पत्करते. तुमच्या बाजूचा धोका मात्र तुम्ही पत्करत नाही, तो आतल्या खोलीतली बाळंतीण पत्करते. वद्य पक्षाची थोरवी आळंदीला, अरणला, मंगळवेढ्याला आहे, ती तुम्ही सांगितलीत आणि मी घेतली. उतरता चंद्र पहाटेपर्यंत साथ देतो, तेही घेतलं. पण ज्या वहीत हे सगळं आहे त्याच वहीत ते सहा भागही आहेत. ते पान वगळा असं मी म्हणते तेव्हा तुम्ही म्हणता, धागा तुटेल.

पंचांगप्रेमी : मी म्हणतो, पान वगळायचा अधिकार कुणाला? मला नाही. मी उद्या सांगितलं की चतुर्दशीची शांती नको, तर माझ्या पुतण्याचे गुरुजी विचारतील, कुठल्या ग्रंथाच्या आधाराने? बाबा पाध्यांनी लिहिलेलं मी कोण खोडणार?

चिकित्सक : छत्र्यांना ‘ग्रहलाघव’ बाजूला ठेवायचा अधिकार कुणी दिला होता?

पंचांगप्रेमी : आकाशाने. ग्रहण सांगितलेल्या वेळेला लागत नव्हतं आणि ते गल्लीतल्या पोरालाही दिसत होतं. त्याच्यापुढे ग्रंथ टिकला नाही.

चिकित्सक : मग त्या मुलीचा चेहराही दिसत होता, काका. घरातल्या प्रत्येकाला.

पंचांगप्रेमी : दिसत होता. पण ग्रहणाची वेळ चुकली हे दोन माणसं दोन गावांतून बघून एकच सांगतात. दुःखाचं तसं नसतं. एका बाळंतिणीला शांतीने त्रास झाला, दुसरीला त्याच शांतीने झोप लागली, मी दोघी पाहिल्यात. कुणाच्या साक्षीवर पान खोडायचं? तू म्हणशील, जिला त्रास झाला तिच्या. मनातून मलाही तसंच वाटतं. मात्र हे तत्त्व एकदा मान्य केलं की ते सहा भागांपाशी थांबणार नाही. तीच साक्ष उद्या निर्जळी एकादशीवर येईल, तेराव्यावर येईल, अविधवा नवमीवर तर सगळ्यात आधी येईल. विधवा आईचं पान त्या दिवशी का नाही, असं कुणीतरी विचारेल, आणि मला उत्तर देता येणार नाही.

चिकित्सक : मी आजच विचारते. का नाही?